पालखीला खांदे शोधत लालबागला

मंडळी, या ब्लॉगवर याआधी तुम्ही माझ्यासोबत काशी, हंपी आणि दापोलीचा डेंटल कँप (तो प्रवासच होता, एसटी बंद पडली होती) करून आलात. या वेळचा प्रवास मुंबईचा. हसू नका. मुंबईला काय बघायला जायचं, असं विचारणाऱ्यांसाठीच हे लिहितेय. मी बघायला गेले नव्हते, माणसं पकडून आणायला गेले होते.

आधी आमच्या शहराबद्दल. हो, शहरच. आम्हाला नगरपालिका आहे, मुख्याधिकारी आहे, आणि एक सिग्नल आहे, जो लावल्यापासून पिवळाच लुकलुकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या शहरात दुपारी एक ते चार या वेळात बाजारपेठेतून तुम्ही डोळे मिटून चाललात तरी कोणाला धडकणार नाही. औषधांची दुकानं वाढली, पाटी-पेन्सिलींची मिटली. शाळेत पूर्वी एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या असत, आता एक तुकडी भरवायला मास्तर घरोघर फिरतात. तरुण बघायचेच तर आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार बघा, नाहीतर बँकेत बदलून आलेला नांदेडचा कॅशियर. बाकी सगळे आम्ही. आमच्या नवतरुण मंडळाचे अध्यक्ष तात्या परवाच बासष्टीचे झाले आणि सत्काराला उत्तर देताना खुर्चीवरून उठले नाहीत.

तर या नवतरुणांची माघात देवळात सभा झाली. विषय, शिमग्याची पालखी. आमच्याकडे शिमग्याला देव पालखीत बसून घरोघर जातो. पालखी नुसती उचलत नाहीत, नाचवतात. आणि कोणी उचलायची ते ठरलेलं आहे: पुढचा दांडा साळव्यांचा, मागचा मांडवकरांचा. मांडवकरांना विचाराल तर पुढचा त्यांचा, मागचा साळव्यांचा. पिढ्यान् पिढ्या हे चालू आहे. तिसऱ्या कोणी दांड्याला हात लावला तर देव रागावत नाही, पण ही दोन घराणी रागावतात. आता या दोन्ही घराण्यांची धडधाकट माणसं लालबाग-परळला, आणि शहरात उरलेत ते गुडघे. गेल्या वर्षी पालखी नाचवताना तिघं आडवे झाले होते. खांदा द्यायला आमच्याकडे माणसं जमतात ती हल्ली एकाच प्रसंगी, आणि त्या प्रसंगात आतला नाचत नाही.

"मग टेंपोत बसवू," तात्या म्हणाले. "चांगला सजवू. देवाला पण जरा आराम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र नाही डोलावली, कारण आमचं घर पाखाडीच्या टोकाला. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट. टेंपो खालीच थांबणार आणि वरच्यांनी नारळ घेऊन खाली यायचं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, नव्वदीला टेकल्यात आणि पाखाडी उतरून त्यांना बरीच वर्षं झाली. वर्षातून एकदा देव दारात येतो तेवढीच त्यांची भेट. शिमग्याच्या आधी आठवडाभर अंगण स्वतः बसून सारवून घेतात, म्हणजे त्या बसतात आणि मी सारवते.

टेंपोचं ऐकून त्या काही बोलल्याच नाहीत. हे वाईट लक्षण. आई भांडत असल्या की तब्येत ठीक आहे असं आम्ही समजतो. रात्री भात अर्धा ठेवून म्हणाल्या, "मी देवाकडे जात नाय ती माझे पाय गेले म्हणून. देवाचे पाय तर लोकांचे असतात गो. त्याला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना सांगितलं, मी मुंबईला जाते. साळव्यांचा प्रकाश आणि मांडवकरांचा विलास, दोघंही माझ्या हाताखाली गणित शिकलेत. एकाच बाकावर बसायचे, मध्ये दप्तरांची भिंत घालून. तात्या खूश झाले. "बाईंना नाही म्हणायची छाती आहे कोणाची?" असं म्हणाले. छाती होती, ते पुढे येईलच.

शुक्रवार: दादर, मग करी रोड

सकाळची गाडी पकडलीत तर दुपारी दादरला उतरता. खिडकी डावीकडची घ्या, डबा घरचा घ्या. गाडीतली कोल्हापुरी भेळ ना कोल्हापूरची असते ना भेळ. दादरला उतरून मी पहिली चूक केली ती म्हणजे रिक्षा शोधली. बराच वेळ शोधली. शेवटी एका फुलवालीने विचारलं, "काकू, काय हरवलंय?" मी म्हटलं, रिक्षा. ती इतकी हसली की तिच्या हातातला गजरा सुटला. तर लक्षात ठेवा, या बाजूला रिक्षा नसतात, काळी-पिवळी टॅक्सी असते, आणि करी रोड म्हटलं की टॅक्सीवाला आपण त्याचा अपमान केल्यासारखं बघतो. "इतना नजदीक का भाडा नहीं लेता," म्हणाला. मी त्याला वर्गातल्या नजरेने बघितलं. बसवलं त्याने.

मुक्काम नणंदेकडे, सुमन वन्संकडे. पूर्वी त्या करी रोडच्या चाळीत होत्या. मी लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा त्या चाळीत माझ्या साडीचा रंग शेवटच्या खोलीपर्यंत मी पोचायच्या आधी पोचला होता. आता त्याच जागी टॉवर आहे आणि वन्सं एकविसाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये तिघं होते. मी म्हटलं, "काय, जेवणं झाली का?" तिघांनीही मोबाईल वर उचलले.

"वहिनी, इथे असं नाही विचारत," वन्सं दार उघडता उघडता म्हणाल्या.

"मग काय विचारतात?"

"काहीच नाही. समोरच्यांचं आडनाव मला त्यांच्या पार्सलवरून कळलं."

खिडकीतून सगळं लालबाग दिसतं. मी म्हटलं, वा, इथे आपली माणसं किती असतील! वन्संनी हात झटकला. "कुठली आपली माणसं? अर्ध्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आणि गेले बदलापूर, विरार. उरलेल्यांची पोरं हिंजवडीला. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला सगळ्या माझ्या वयाच्या. वाण म्हणून गुडघ्याचं तेल वाटलं यंदा." मला वाटलं होतं आमच्या शहरातली माणसं संपून मुंबईत साठलीत. इथे तर वेगळीच कथा.

संध्याकाळी आईंचा फोन. माशांचा भाव विचारतात त्या आवाजात म्हणाल्या, "काय, किती खांदे भेटले?"

"आत्ता तर पोचले, आई."

"बरं. बघून घे. नरम नको."

शनिवार: गिरगाव, परळ आणि पुन्हा लालबाग

लालबागच्या नाक्यावरून बसने गिरगावात गेले. बस स्वस्त आणि मस्त, फक्त कंडक्टरशी गप्पा मारू नका, मागचे ओरडतात. गिरगावात आमच्या खोतांचा अविनाश दातांचा डॉक्टर आहे. खोत मंडळी चार पिढ्या गिरगावात, भाषा अशी की टीव्हीवर बातम्या चालू आहेतसं वाटतं. पालखीवर अब्दागीर धरायचा मान त्यांचा. म्हटलं, सुरुवात सोप्या कामापासून करू, छत्रीच तर धरायचीय.

"बाई! या, या. आधी बसा," अविनाश म्हणाला आणि मला सरळ त्या आडव्या खुर्चीत बसवलं. "आ करा बघू."

मी आ केला. इथे माझी दुसरी चूक झाली. तोंडात आरसा, चिमटा आणि पाण्याची नळी घालून झाल्यावर तो म्हणाला, "आता सांगतो बाई, तत्त्वतः माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंपरा टिकलीच पाहिजे. प्रश्न फक्त प्रत्यक्ष उपस्थितीचा आहे."

"आँ," मी म्हटलं.

"बरोबर. तुम्हालाही पटतंय. आमची त्याच आठवड्यात परिषद आहे सिंगापूरला. पण मी ऑनलाइन दर्शन नक्की घेईन. आणि अब्दागीर नवीन करून देतो, उत्तम रेशमी, घडीचं."

"आँ आँ!"

"नाही नाही, आभार कसले? चूळ भरा."

दात फुकट साफ करून मी रस्त्यावर आले. चिडचिड अशी झाली होती की समोरच्या जुन्या खानावळीत जाऊन कोथिंबीरवडी आणि पियूष मागवलं. वडी झकास होती, मात्र दात नुकतेच साफ केल्यामुळे पियूषचा प्रत्येक घोट डोक्यात गेला. गिरगावात दुपारी आमच्या शहराइतकीच शांतता असते. एका चाळीच्या गॅलरीत दोन आजोबा पेपर अदलाबदल करून वाचत होते, खाली मांजर झोपलं होतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं.

तिथून परळला. विलास मांडवकर तिथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. मला बघून त्याने तोंडातलं काहीतरी गिळलं. तेहतीस वर्षांपूर्वीही असाच गिळायचा.

"बाई, तुमच्यासाठी जीव देईन," तो म्हणाला.

"जीव नको. खांदा दे."

त्याने शांतपणे कपाट उघडलं, एक फिल्म काढली आणि उजेडावर लावली. "हा बघा. माझाच मणका. इथे गादी सरकलीय. वाकायला बंदी. शिवाय मुलीची दहावी, शिवाय मार्चला रजा नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "टी-शर्ट देतो बाई सगळ्यांना. पुढे पालखी, मागे 'मांडवकर परिवार'."

"घालणार कोण?"

त्याने फिल्म काढून पुन्हा कपाटात ठेवली.

लालबागला प्रकाश साळवीचं मसाल्याचं दुकान. त्या गल्लीत शिरण्याआधी नाकाला रुमाल बांधा, हा सल्ला फुकट. मी न बांधता गेले आणि पालखीचा सगळा विषय शिंकांमधून मांडला. देवाचं नाव घेतलं की शिंक, आईंचं नाव घेतलं की दोन. प्रकाशने पाणी दिलं, खुर्ची दिली, बेडगी मिरचीचं पाकीट बांधून दिलं, आणि नकारही दिला.

"बाई, शिमगा म्हणजे आमचा सीझन. आख्खी मुंबई वर्षाचा मसाला कांडायला आणते. मी गेलो तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाणार. डीजे पाठवू? मोठा आणतो, दोन टॉवरचा."

"आमच्याकडे वीज जाते."

"जनरेटरसकट पाठवतो ना!"

छत्री मिळाली, टी-शर्ट मिळाले, डीजे मिळाला. खांदा एकही नाही. करी रोडच्या पुलावर मी थोडा वेळ टेकले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. घरी जाऊन आईंना काय सांगू, तुमचा देव खाली टेंपोत बसलाय, वरून हात जोडा? संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी वन्संना उचलायला लावला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

रविवार: गावची खोली

लालबागच्या एका जुन्या चाळीत आमच्या शहराची एक खोली अजून आहे. गिरणीच्या काळात आमची माणसं तिथे पाळीपाळीने झोपायची. आता तिथे देवाचा फोटो, चटया, एक कॅरम आणि महिन्याची सभा एवढंच. मला शेवटचं म्हणून बोलावलं होतं. विलास आणि प्रकाश समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसले होते, आपापले भाऊबंद घेऊन. मध्ये दप्तरांऐवजी वड्यांची परात.

मी विनवण्या करणार नव्हते. दोन दिवस केल्या होत्या. म्हटलं, निरोप सांगायचा आणि गाडी पकडायची.

"तुमची अडचण मला समजली," मी म्हटलं. "यंदा पालखी टेंपोतून जाईल. तात्यांनी बबन मांडवकरांचा टेंपो ठरवलाय. बबनच चालवणार."

प्रकाशच्या हातातला वडा चटणीपर्यंत पोचला नाही.

"टेंपो कोणाचा?"

"बबनचा."

"मांडवकरांचा बबन?"

"दुसरा कुठला आहे?"

"म्हणजे देव मागे," प्रकाश सावकाश उठत म्हणाला, "आणि पुढे स्टिअरिंगला मांडवकर?"

बघा, मला हे खरोखरच सुचलं नव्हतं. दोन दिवस मी देव, परंपरा, म्हातारी माणसं असलं काय काय बोलत होते, आणि चावी बबनच्या खिशात होती!

"अरे मग पुढचा मान आमचाच आहे," विलास म्हणाला.

"कोण म्हणतो?"

"माझे आजोबा म्हणायचे!"

"तुझे आजोबा मागच्या दांड्याला लोंबकळायचे!"

"ए पक्या, आजोबांवर जायचं नाय हां!" विलास ताडकन उभा राहिला. सरकलेली गादी त्या क्षणी जागेवर गेली असावी, कारण तो नारळाच्या झाडासारखा सरळ होता. "टेंपो बिंपो काही नको. मांडवकर येणार, आणि खांद्यावर नेणार. बाई, आमचे दहा लिहा."

"साळव्यांचे पंधरा!" प्रकाश ओरडला. "दुकान बंद ठेवीन!"

"आणि सीझन?" मी निरागसपणे विचारलं.

"गेला खड्ड्यात सीझन!"

मग जे भांडण लागलं ते पार चाळीच्या तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. शेजारच्या खोलीतल्या एक काकू दारात येऊन म्हणाल्या, "किती दिवसांनी बरं वाटलं! हल्ली कोणी भांडतच नाही इथे." मी शांतपणे वडा खाल्ला. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले, पुढचा दांडा कोणाचा ते तुम्हीच सांगा म्हणून.

"शिमग्याला पाखाडीखाली सांगेन," मी म्हटलं. "तिथे जो हजर असेल त्याचंच ऐकेन. गैरहजर मुलाची बाजू मी वर्गातही कधी ऐकली नाही."

परत घरी

येताना उजवीकडची खिडकी घ्या. आईंना सांगितलं, येतायत म्हणून. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण सारवायचं शेण मात्र लगेच आणायला लावलं. मला पुढचे दिवस झोप नव्हती. मुंबईतला जोर घाटाखाली उतरेपर्यंत टिकत नाही, हे मी खूप वेळा पाहिलंय. तात्यांनी बबनला टेंपो धुऊन ठेवायला सांगितला होता.

शिमग्याच्या सकाळी बाजारपेठेत दोन मिनीबस एकामागून एक घुसल्या. मागची पुढचीला ओव्हरटेक करायला बघत होती आणि दोन्हींचे हॉर्न चालू होते. आमचा पिवळा सिग्नल पहिल्यांदाच कामाचा वाटला. माणसं उतरली ती उतरताच भांडायला लागली. शहरातली सगळी दारं उघडली, नांदेडचा कॅशियरसुद्धा बनियनवर बाहेर आला. बबनने टेंपो गुपचूप मागे घेतला.

पाखाडीखाली मी निकाल दिला: चढताना साळवी पुढे, उतरताना मांडवकर पुढे. दोघंही खूश. गणित लक्षात आलं ते नंतर. चढताना सगळा भार मागच्यावर येतो आणि उतरताना पुढच्यावर, म्हणजे दोन्ही वेळा मांडवकरच पिचणार. विलास निम्म्या पायऱ्यांवर थांबला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही गणितात मला नेहमीच कमी मार्क दिलेत." पण खांदा काढला नाही. वळणावर सगळ्यांचाच दम संपला, पालखी डगमगली, तेव्हा बागेतला राखणदार दिलबहादूर पळत आला आणि त्याने मागे खांदा लावला. त्याचा मान कुठला, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारायला कोणाकडे श्वास नव्हता.

पालखी अंगणात आली आणि नाचली. आई खुर्चीतून उठल्या, एका हाताने मला धरून, दुसऱ्या हाताने देवाची ओटी भरली. रडल्या, मीही रडले, लपवत नाही. आता गुरवाने गाऱ्हाणं घालायचं असतं, म्हणजे घरातर्फे देवाला मोठ्याने मागणं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. आईंनी गुरवाला हाताने थांबवलं.

"बा देवा म्हाराजा! आज पायऱ्या चढून माझ्या दारात आलास..."

"व्हय म्हाराजा!"

"ही लेकरं कामधंदा सोडून एवढ्या लांबून आली..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या साळव्यांचं नि मांडवकरांचं जे भांडण पूर्वीपासून चालत आलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"ते असंच चालू ठेव रे म्हाराजा! माझ्या डोळ्यांदेखत मिटवू नको!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज प्रकाश आणि विलासचा होता. आपण कशाला हो म्हटलं ते त्यांना नारळ फुटल्यावर कळलं.

आता शहर पुन्हा गप्प झालंय. मिनीबस गेल्या, सिग्नल लुकलुकतोय, दुपारी बाजारपेठेत कुत्रा आडवा झोपतो आणि त्याला कोणी उठवत नाही. घडीचं अब्दागीर नेमकं उघडलंच नाही, ते आईंनी काठी म्हणून ठेवून घेतलंय. काल विलासचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "बाई, साळव्यांचे पुढच्या वर्षी किती येणार आहेत?" तासाभराने प्रकाशचा आला, मांडवकरांचे किती म्हणून. हे इथे बिनधास्त लिहितेय, कारण दोघंही ब्लॉग वाचत नाहीत. शाळेतही काही वाचत नव्हते. मी दोघांनाही सांगितलं, वीसेक तरी असतील.

आतल्या खोलीतून आई ओरडल्या, "वीस काय गो? वाढवून सांग!"